रजिस्टरात न चढलेलं पत्र

१ मार्च २००५, मंगळवार. दुपारी दीड वाजता, ऑकलंडमध्ये, कॉलेजच्या ऑफिसात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पुण्याहून माझा मेहुणा विवेक बोलत होता. पुण्यात तेव्हा सकाळचे सहा वाजले होते.

"भाऊजी, बसलेले आहात ना?"

"बसलोय. बोल."

"ताई गेली. सकाळी चहाला हाक मारली तर उठलीच नाही."

वासंती, माझी बायको, विवेकच्या मुलाच्या मुंजीसाठी पुण्याला गेली होती. मुंज नीट पार पडली होती. आठ दिवसांनी ती परत येणार होती.

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. "बरं" का म्हणालो ते माहीत नाही.

फोन आला तेव्हा मी जनरलसाहेबांचं टपाल उघडत होतो. त्या दिवशी बारा पत्रं आली होती. अकरा रजिस्टरात चढवून झाली होती. बारावं उघडून मी पहिलं वाक्य वाचलं होतं. ते असं होतं: "साहेब, कळवायला दुःख होतं की माझे पती मेजर ओसेन १९ फेब्रुवारीला वारले, पाय घसरून पडले असं सांगतात." पुढे दीड पान मजकूर होता. तो मी वाचला नाही.

आमच्याकडे कुणी गेल्याचं पत्र आलं की ते घरात ठेवत नाहीत. वाचायचं, दारातच फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. माझी आई असंच करायची. मी एकतीस वर्षं पुण्याच्या टपाल खात्यात काम केलं. अशी किती कार्डं माझ्या हातून गेली असतील सांगता येत नाही. वासंतीच्या बातमीला कागद नव्हता. हातात होता तो कागद मी फाडला. आधी दोन, मग चार तुकडे. पाकीटही फाडलं. कागदाच्या पेटीत टाकलं, मागच्या अंगणातल्या नळाखाली डोकं धरलं आणि तसाच ओला बसने टाकानिनीला घरी आलो. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. बुधवारी सकाळी कागदाच्या पेट्या उचलून नेतात.

त्याच रात्रीच्या विमानाने मुलगा नितीश आणि मी पुण्याला गेलो.

जनरलसाहेब कोण ते सांगायला हवं. त्यांच्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण पत्रं लिहिणारे अजून तिथेच आहेत. त्या देशात नऊ वर्षं यादवी चालली आणि साहेबांची बाजू हरली. उरलेल्या माणसांना घेऊन त्यांनी एका पुलावर शस्त्रं खाली ठेवली. शरणपत्रावर त्यांच्याबरोबर नऊ अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. पुढे साहेबांना न्यूझीलंडमध्ये आश्रय मिळाला. मनुरेवात एक खासगी कॉलेज आहे. तिथे बाहेरून आलेल्यांना इंग्रजी, कॉम्प्युटर आणि म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला शिकवतात. मालकांना पाटीवर मोठं नाव हवं होतं, म्हणून त्यांनी साहेबांना प्रेसिडेंट केलं. त्यांना वाटलं होतं, हा माणूस महिन्यातून एकदा कोट घालून येईल. साहेब रोज पावणेआठला येतात. नापास मुलांना स्वतः बोलावून घेतात.

त्यांना पत्रं फार यायची. मुलगा कुठे पुरला ते विचारणाऱ्या आया असत. नोकरीसाठी दाखला मागणारे शिपाई असत. सही केलेला फोटो हवा म्हणणारे असत, शिव्या देणारेही असत. काहीजण लिहीत, "आम्ही तयार आहोत, तुम्ही फक्त शब्द द्या." त्यांना साहेबांचं एकच उत्तर ठरलेलं: "युद्ध संपलं आहे. एखादा धंदा शिका." शिव्या देणाऱ्यांनाही उत्तर जायचंच. पत्र उघडायचं, रजिस्टरात चढवायचं, साहेबांपुढे ठेवायचं, ते सांगतील ते टाइप करून धाडायचं, हे माझं काम.

वासंती मला चिडवायची. "सगळं सैन्य हरलं आणि तुम्ही आता कुठे हवालदार झालात!" पण संध्याकाळी जेवायला वाढताना तीच विचारायची, आज कुणाचं आलं म्हणून. मेजर ओसेन तिचे आवडते होते. ते हाताने लिहायचे, वेडंवाकडं आणि तिरकं. राजकारण कधी लिहीत नसत. कोंबड्या किती राहिल्या, मुंगसाने किती नेल्या आणि बायकोचा गुडघा कसा आहे, एवढंच लिहीत. गुडघ्याशिवाय त्यांचं एक पत्र आलं नाही. वासंतीचाही गुडघा दुखायचा. "त्यांना म्हणावं, एरंडाचं तेल लावून शेक द्या," असं तिने मला सांगितलं आणि मी भीत भीत साहेबांना विचारलं. साहेबांनी ते वाक्य उत्तरात घालायला लावलं. पुढच्या पत्रात ओसेन यांनी लिहिलं, "तेलाचा उपयोग झाला. त्या बाईंना माझा सलाम." वासंतीने ते इथल्या सगळ्या मराठी मंडळात सांगितलं.

पुण्याचे दिवस करून मी मार्चअखेर परत आलो. साहेब माझ्या टेबलाशी आले आणि उभे राहिले. ते बसले नाहीत आणि त्यांनी मलाही उठू दिलं नाही. मग म्हणाले, "सुधाकर, ओसेनचं काही आलं का? दोन महिने झाले."

मी रजिस्टर उघडलं. एक मार्चला अकरा नोंदी होत्या. मी म्हणालो, "नाही साहेब."

मी खोटं बोललो असं त्या वेळी मला वाटलं नाही. ते पत्र मी खरंच वाचलं होतं का, याचीच मला खात्री नव्हती. त्या दिवसाचं मला सलग काही आठवत नव्हतं. नळाचं पाणी आठवत होतं. मधेच वाटायचं, फोनवरची बातमी आणि कागदावरची बातमी माझ्या डोक्यात एक झाली असेल.

एप्रिलच्या शेवटी मेजर ओसेन यांचं पत्र आलं.

पाकिटावरचं नाव वाचून मला काय वाटलं ते सरळ लिहितो. मला आनंद झाला. ओसेन जिवंत आहेत, म्हणजे मी चुकीचं वाचलं. आणि एक चुकीचं वाचलं, तर फोनवरही काही चुकीचं ऐकलं असेल. पुण्याच्या स्मशानात मी स्वतः उभा होतो, तरी दोन मिनिटं मला तसं वाटलं.

पत्र टाइप केलेलं होतं. साहेब हसले. "शेवटी त्याने टाइपरायटर घेतला! त्याच्या अक्षराने मी दोन लढाया हरलोय." पत्रात लिहिलं होतं, तब्येत ठीक आहे, पाऊस झाला, आणि कॉलेजच्या पत्त्यावर मोकळेपणाने लिहिता येत नाही, तर घरचा पत्ता कळवावा. कोंबड्या नव्हत्या. गुडघा नव्हता.

मला ते दिसलं. दिसूनही मी गप्प बसलो. साहेबांनी उत्तर सांगितलं, मी टाइप केलं. त्यात त्यांच्या घराचा नंबर आणि गल्ली होती. ओसेन पूर्वीपासून टपाल पेटीच्या नंबरावर पत्रं घेत, त्याच नंबरावर मी ते पाठवलं. पोस्टात मी स्वतः गेलो.

जून-जुलैत दुसऱ्या माणसांची पत्रं आली. सह्या करणाऱ्या नऊ जणांपैकी एक कर्नल ट्रकखाली गेले. एक कॅप्टन विहिरीत सापडले. दोन्ही पत्रांत अपघात असा शब्द होता. साहेबांकडे नऊ नावांची घडी केलेली यादी असते, कोटाच्या आतल्या खिशात. विहिरीचं पत्र वाचून त्यांनी ती काढली आणि एक रेघ मारली. आधीच्या तीन रेघा होत्या. मी बघतोय हे पाहून म्हणाले, "म्हातारे झालो आहोत सगळे. पाय घसरतात."

पाय घसरतात, हे ऐकलं आणि तो फाडलेला कागद मला जसाच्या तसा दिसला. निळी शाई दिसली. ओळीचा शेवट दिसला.

तरी मी बोललो नाही. पंधरा ऑगस्टला दुसरं टाइप केलेलं पत्र आलं. मेजर ओसेन ऑकलंडला येणार होते. शनिवार, तीन सप्टेंबरला संध्याकाळी घरी भेटायला येईन, तेव्हा साहेब एकटेच असावेत, जुन्या गोष्टी बोलायच्या आहेत, असं त्यात होतं.

ते पत्र मी साहेबांपुढे ठेवलं नाही. खिशात घालून घरी आणलं. माझी सून मुग्धा फार्मसिस्ट आहे. ती दुकानातून आली, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दारात काढल्या आणि माझं तोंड बघून म्हणाली, "बाबा, बीपी चेक केलंत का आज?"

मी तिला सगळं सांगितलं. ती उभ्या उभ्या ऐकत राहिली.

"फाडलंत? दुसऱ्याचं पत्र?"

"सुतकाचं होतं."

"बाबा, तुम्ही पोस्टात होता ना! आम्ही पत्रांच्या डब्यातून चुकून शेजाऱ्यांचं वीजबिल आणलं तर तुम्ही आम्हाला लेक्चर देता."

"हो."

"आणि मे महिन्यात पत्ता पाठवलात. माहीत असून?"

"माहीत नव्हतं. म्हणजे, मला माहीत करून घ्यायचं नव्हतं."

ती खुर्चीवर बसली. नात सिद्धी टीव्ही बघता बघता म्हणाली, "मम, व्हॉट डिड आजोबा डू?" मुग्धा म्हणाली, "नथिंग. आवाज कमी कर." मग मला म्हणाली, "आई असत्या तर त्यांनी तुम्हाला अर्ध्या जेवणावरून उठवलं असतं आणि त्या साहेबांकडे पाठवलं असतं. चला, गाडी काढते."

साहेबांचं घर आमच्यापासून सात मिनिटांवर आहे. नवीन वसाहत आहे, समोरचे दोन प्लॉट अजून रिकामे. ते एकटेच राहतात. त्यांनी दार उघडलं तेव्हा हातात तपासायच्या वह्या होत्या. मुग्धा गाडीतच थांबली.

मी उभ्यानेच सांगितलं. बायको गेली त्या दिवशी फोन आला, हातात पत्र होतं, आमच्यात असं असं करतात, मी केलं. पहिलं वाक्य सांगितलं. एप्रिलचं पत्र बघून गप्प का बसलो तेही सांगितलं. मग खिशातलं पत्र काढून टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते वाचलं. मला वाटलं, आता हाकलतील. मला ते चाललं असतं.

"अक्षर कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं?"

"त्या बाईचं. फाडलेल्या पत्रातलं."

"मोठं. शाळेतल्या मुलासारखं. निळी शाई."

"म्हणजे तिने स्वतः लिहिलं. तिला लिहिता येत नव्हतं. युद्धानंतर ओसेनने शिकवलं, त्याने मला कळवलं होतं." पुढे विचारलं, "पत्ता नेहमीचा होता का?"

"नाही. वर दुसऱ्या गावाचं नाव होतं. आठवत नाही साहेब. रोज आठवायचा प्रयत्न करतो."

"ती तिथून निघाली. तिने मला कुठे आहे ते सांगितलं आणि पुढचं दीड पान लिहिलं." त्यांनी यादी काढली, ओसेन यांच्या नावावर रेघ मारली आणि ती परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या पत्नीबद्दल मला वाईट वाटतं. त्या दिवशी मला कुणी सांगितलंच नाही. मी समजलो, तुम्ही सुट्टीवर आहात."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांना फोन केला. दोघेजण आले, नीट बोलले, दोन्ही पत्रं घेऊन गेले. साहेबांनी काही दिवस दुसरीकडे राहावं असं त्यांनी सुचवलं. नितीश म्हणाला, आमच्याकडे या, एक खोली रिकामी आहे. ती वासंतीची खोली. मी लगेच साफ केली, तिच्या साड्या पेटीत भरल्या. पाच महिने मला ते जमलं नव्हतं.

साहेब आले नाहीत.

"मी पत्ता बदलून पळालो तर माणसांची पत्रं कुठे येतील?" ते म्हणाले.

"पत्रं कॉलेजात येतात साहेब."

"तिचं पत्र कॉलेजातून हरवलं. पुढचं ती कुठे पाठवेल, ओसेनच्या वहीत माझा घरचा पत्ता सापडला तर? कुणास ठाऊक."

ओसेनच्या वहीत तो पत्ता असणं शक्य नाही. तो मी मे महिन्यात पाठवला, आणि ओसेन फेब्रुवारीत गेले. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला मोजता येतं, सुधाकर."

गेल्या आठवड्यात ऑफिसात दोनदा फोन आला. प्रेसिडेंट आहेत का, एवढंच विचारतात. नाव विचारलं की ठेवतात. काल मी आणि नितीश साहेबांच्या घरी जाऊन मागच्या दाराला नवीन कडी बसवून आलो. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर कुणीतरी गाडी लावून गेल्याच्या चाकोऱ्या होत्या. साहेब म्हणाले, घरं बांधणारे असतील. शनिवारी मी तिथे जाऊन बसणार आहे. त्यांनी नको म्हटलं आहे.

आज २८ ऑगस्ट, रविवार. या आठवड्याची सगळी उत्तरं टाइप करून तयार आहेत, उद्या पोस्टात पडतील. ओसेन यांच्या बायकोलाही साहेबांनी उत्तर सांगितलं आहे. एक पान आहे. गुडघ्याबद्दल विचारलं आहे. ते मी पाकिटात घातलं, वर तिचं नाव लिहिलं. त्याखाली पत्ता लिहायचा राहिला आहे.