महिनाअखेरची मोजणी

ताई म्हणजे भलती काटेकोर बाई. कुणी तिच्या टेबलावरचा स्टेपलर हलवला तरी तिला कळायचं. तिच्या थोरल्या भावाची कंपनी दवाखान्यांची, शाळांची, दुकानांची कामं आपल्या सर्व्हरवर चालवून द्यायची. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्या एका बड्या कंपनीचं, परवान्यावर घेतलेलं. ते किती सर्व्हरवर वापरलं, हे दर महिन्याला लेखी कळवून तेवढे पैसे भरावे लागत. मोजायची ताई, आणि खाली सहीही तिचीच.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी ती मोजायला बसे. त्या सकाळी तंत्रज्ञ नको असलेले सर्व्हर बंद करून टाकी. चाचणीसाठी उभे केलेले, गिऱ्हाइकानं चार दिवस वापरून सोडलेले, सगळे साफ. म्हणून तर त्याचं नाव झाडू पडलं होतं. हा शिरस्ता ताईनंच घालून दिलेला. आधी पसारा आवरावा नि मग मोजावं, यात वावगं ते काय? सात वर्षं कुणालाच काही खटकलं नाही.

मग एक दिवस त्या बड्या कंपनीचं पत्र आलं, गुरुवारी तपासनीस येणार म्हणून. ताईनं करार काढून पहिल्या पानापासून वाचला आणि सोळाव्या पानावर तिच्या पायाखालची जमीनच सरकली. सर्व्हर महिन्यात एक दिवस जरी चालला, तरी तो मोजायचा होता. शेवटच्या दिवशी काय चालू आहे, याच्याशी त्या लोकांना काडीचंही देणंघेणं नव्हतं.

ती तडक दादाकडे गेली. दादानं दार लावून घेतलं आणि तो तिला समजावायला लागला. बंद केलेले सर्व्हर कुणाला दिसणार आहेत? आणि खोट निघाली तर परवाना जाईल, दवाखाने-शाळा दुसरीकडे जातील, आपली बावीस माणसं माश्या मारत बसतील. त्यापेक्षा मूग गिळून बस, म्हणाला. भीती काही खोटी नव्हती.

"दादा, आजवर चुकून खोटं लिहिलं," ती म्हणाली. "आता माहीत असून नाही लिहिणार."

"कंपनी बुडाली तर?"

"तर माझ्यामुळे बुडाली असं सगळ्यांना सांग. पण मी सांगणार."

दादानं हात झटकून तिला वाटेला लावलं. झाडूचा चेहरा तर पांढराफटक पडला होता. आपल्यामुळेच झालं सगळं, असं तो म्हणाला तशी ताईनं त्याला चांगलाच झापला. शिरस्ता माझा होता, रडगाणं बंद कर आणि जुने बॅकअप काढ, म्हणाली. कुठला सर्व्हर कधी चालू होता, त्याच्या नोंदी त्यात होत्या. दोघांनी कंबर कसली आणि सात वर्षांचा एकेक महिना पुन्हा मोजून काढला. मागच्याच महिन्यात तीनशे एकाहत्तर कळवले होते. खरे निघाले चारशे बारा.

गुरुवारी तपासनीस बाईंनी बॅग उघडायच्या आत ताईनं फाइल त्यांच्यापुढे ठेवली. चूक काय, कधीपासून, कुणाची, सगळं घडाघडा सांगितलं. बाई दुपारपर्यंत वाचत होत्या.

शेवटी त्या म्हणाल्या, फरक भरून द्यावा लागेल. पण आपणहून सांगितलंत, नोंदी चोख आहेत, तेव्हा परवाना राहील. फक्त एक अट. यापुढे सही मालकांची हवी.

ताईला लागलं ते. सात वर्षांची सही एका वाक्यात गेली. तिनं मान डोलावली, बाईंना दारापर्यंत सोडून आली आणि मागच्या महिन्याचा दुरुस्त केलेला कागद दादासमोर ठेवला. दादानं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि पेनाचं टोपण काढलं. ताईनं कागदावर हात ठेवला.

"अगं, मला यातलं काही कळत नाही," दादा म्हणाला.

"मग खुर्ची पुढे घे. चारशे बारा आहेत, एकेक करून दाखवते."

दादानं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.