शनिवारचं ‘ठीक’

शाळेच्या वाहन विभागात भिंतीवर एक तक्ता लटकत असे. रोज गाडी सुटण्याआधी ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग तपासायचं आणि चौकटीत ‘ठीक’ लिहायचं, असा नियम होता. विभागप्रमुख मात्र हे काम सोमवारीच उरकत. चहा गार व्हायच्या आत शनिवारपर्यंतचे सगळे ‘ठीक’ लिहून मोकळे! आपल्या कचेरीत असं किती चालतं, हे ज्याने त्याने मनाशी आठवून पाहावं.

मंगळवारी व्हॅनखाली तांबड्या तेलाचा बटणाएवढा डाग दिसला. बुधवारी तो बशीएवढा झाला. व्हॅनच्या चालकांना सगळी शाळा मामा म्हणायची. वळताना चाक जड लागतंय आणि गाडी कण्हतेय, असं त्यांनी दोनदा कानावर घातलं. प्रमुखांनी फरशी खराब होऊ नये म्हणून डागावर पुठ्ठा टाकला, आणि आता तुमचं वय झालं, असं मामांनाच सुनावलं.

गुरुवारी दुपारी शाळा सुटली तेव्हा पुठ्ठा चिंब भिजला होता. मामांनी किल्ली टेबलावर ठेवली.

“साहेब, मुलांना घेऊन मी निघणार नाही. आधी मिस्त्रीला दाखवू.”

व्हॅनमध्ये नऊ मुलं बसलेली होती. त्यांत प्रमुखांची लेकही होती. सगळ्यांदेखत आपला शब्द मोडला म्हणून प्रमुखांचा पारा चढला. किल्ली उचलून ते स्वतःच गाडी चालवायला बसले. मुलांना तसं सोडवेना, म्हणून मामाही शेजारी बसले.

पहिल्या दोन वळणांवर गाडी कण्हली. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून प्रमुखांनी मुलांना गाणं म्हणायला लावलं. मामांचा हात मात्र सीटच्या कडेवरून सुटत नव्हता.

टेकडीचा उतार लागला आणि खाली काहीतरी फट्कन फुटलं. समोर वळण होतं, वळणावर कठडा, आणि कठड्यापलीकडे काहीच नव्हतं. प्रमुखांनी चाक फिरवलं, पण ते जागचं हलेना! घाबरून त्यांचा हात किल्लीकडे गेला. मामांनी तो घट्ट धरला.

“इंजिन बंद करू नका, ब्रेकही जड होतील. चाक फिरतंय, फक्त जोर लागतो. ओढा माझ्याबरोबर. ब्रेक हळूहळू दाबा.”

चार हातांनी चाक ओढलं. आरसा कठड्याला घासून तुटला आणि गाडी थांबली. गाणं केव्हाच बंद पडलं होतं.

“बाबा, गाडी बिघडलीय हे तुम्हाला माहीत होतं?” लेकीने विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. प्रमुखांना ते जमलं नाही. “हो,” ते म्हणाले. “मामांनी सांगितलं होतं.”

संध्याकाळी त्यांनी तक्ता पाहिला. स्टिअरिंग हलकं ठेवणाऱ्या तेलाची नळी फुटून व्हॅन गॅरेजात पडली होती, आणि तक्त्यावर शुक्रवारीही ती ठीक होती, शनिवारीही ठीक होती. अक्षर त्यांचंच होतं. तो तक्ता घेऊन ते मुख्याध्यापिकांकडे गेले आणि सगळं कबूल केलं. मामांची माफी त्यांनी चारचौघांत मागितली.

“गाडीने तीन दिवस सांगितलं, साहेब,” मामा एवढंच म्हणाले. “ऐकायचं काम आपलं होतं.”

तेव्हापासून तिथे रोजचं ‘ठीक’ रोज, गाडीखाली वाकून पाहिल्यावरच लिहिलं जातं. मित्रहो, न पाहता केलेली सही कुणाच्या तरी जिवावर केलेली असते. तुमचं मूल ज्या गाडीने जातं, तिच्याखाली आज पुठ्ठा तर नाही ना, तेवढं वाकून बघा.