हातांआडचा माउथऑर्गन

"हळू बोल, बाबा ऐकतील," असं मी म्हणाले, तर मुलगी हसलीच.

"आई, तेच तर सांगतेय. बाबांना ऐकू येत नाही."

आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो आणि हे बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून माउथऑर्गन वाजवत होते. मला रागच आला. हात पुसले, बाहेर गेले, यांच्यासमोर उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "चहा घेणार का?"

"अर्धा," हे म्हणाले.

"बघितलंस?" मी आत येऊन मुलीला म्हणाले. "म्हणे ऐकू येत नाही. चहाचं बरं ऐकू येतं."

"तू समोर गेलीस म्हणून. मागून विचारून बघ एकदा."

मी काही विचारलं नाही. कशाला उगाच? नवऱ्याशी बोलायचं तर माणूस समोर जाऊनच बोलतो. निदान आमच्यात तरी तशीच रीत आहे.

आमची दोघांची उभी हयात कापडाच्या गिरणीत गेली. हे मागावर, मी सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात. सगळे माग एकदम चालू झाले की शेजारी उभ्या माणसाने बोंब मारली तरी कळायची नाही. म्हणून गिरणीतली माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, तोंड नीट हलवायचं, समोरचा वाचतो. यांनी मला लग्नाचं विचारलं तेही असंच, मी कांड्या पोचवायला यांच्या खात्यात गेले तेव्हा, मध्ये मागांच्या दोन रांगा होत्या. मी उत्तर द्यायच्या आधी अख्ख्या खात्याने माझ्याकडे वळून बघितलं, कारण वाचता सगळ्यांनाच येत होतं. लाजेनं मेल्यासारखं झालं मला. पण 'हो' म्हटलं. तेही सगळ्यांनी वाचलं.

तर अशा माणसाला ऐकू येतं की नाही, हे घरात कसं कळणार? कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की हे म्हणायचे, "माझे कान ठणठणीत आहेत. लोकच हल्ली पुटपुटतात." मला ते पटायचं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायचे. गिरणी बंद पडली, मित्र पांगले, आणि या माणसाकडे एवढा एक बाजाच उरला. संध्याकाळ झाली की खिडकी आणि बाजा. हल्ली मधूनच भलताच सूर लागायचा, तर मी म्हणायचे, वय झालं. कान गेले असते तर बाजाही गेला असता. मग काय करायचं त्या माणसाने? नुसतं खिडकीतून बाहेर बघत बसायचं?

मुलगी ऐकणारी नव्हती. माझ्यावरच गेलीय. तिने माउथऑर्गनवाल्याच्या कार्यक्रमाची तिकिटं आणली. "ब्लूज वाजवतात ते," म्हणाली. "दुःखाची गाणी असतात, पण ठेका असा की पाय हलल्याशिवाय राहत नाहीत."

"मग रडायचं की नाचायचं?"

"तुला काय जमेल ते कर. पण बाबांकडे बघ. त्यांना नीट ऐकू आलं, तर मी डॉक्टरचं नाव काढणार नाही. नाही आलं, तर तू अडवायचं नाहीस."

मी कबूल झाले.

सभागृह लहानसंच होतं. आम्ही पुढच्या रांगेत कडेला बसलो, हे टोकाला, मग मी, मग मुलगी. स्टेजवर ड्रम, दोन गिटारवाले, आणि मध्ये तो माउथऑर्गनवाला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, बँकेत बसून शिक्के मारतोय असं वाटावं असा. पण वाजवायला लागला आणि मी सावरून बसले. खालची फरशी थरथरायला लागली. लोक एकमेकांच्या कानात ओरडून बोलत होते, तरी कोणाला काही कळत नव्हतं. आम्ही दोघं मात्र मजेत बोलत होतो. जुन्या नोकरीवर परत गेल्यासारखं वाटलं मला.

"कसं वाटतंय?" मी ओठांनीच विचारलं.

"पोटात वाजतंय," हे म्हणाले. चेहरा असा खुलला होता की काय सांगू. पाय ठेक्यात, मान ठेक्यात, कुठे म्हणून चूक नाही. मी मुलीकडे बघून भुवया उडवल्या. तीही हसली बिचारी. तिला तरी कुठे खरं ठरायची हौस होती?

मग पुढच्या एका गाण्यात मध्येच ड्रम थांबला. गिटारवाल्यांनी तारांवर हात ठेवले. फरशी शांत झाली. तो माणूस एकटाच पुढे आला, माउथऑर्गन दोन्ही हातांच्या ओंजळीत घट्ट झाकून धरला, डोळे मिटले आणि अगदी हळू, बारीक आवाजात वाजवायला लागला. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं.

आणि हे उठले. उभे राहून जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले.

यांना वाटलं, गाणं संपलं.

मागून कोणीतरी "शू" केलं. कोणीतरी हसलं. मुलगी यांचा हात धरायला पुढे वाकली. मी तिला बाजूला सारलं, उठले आणि मीही टाळ्या वाजवल्या. हसायचं तर दोघांना हसा. यांनी आजूबाजूला बघितलं. दुसरं कोणीच वाजवत नव्हतं. हे हळूच खाली बसले, मीही बसले.

"संपलं नव्हतं?" यांनी ओठांनी विचारलं.

"नाही."

"वाजवतोय तो?"

खोटं बोलणार होते मी. पण हा माणूस जन्मभर माझे ओठ वाचत आलाय.

"हो," मी म्हणाले.

"एकटाच?"

"एकटाच."

हे स्टेजकडे बघत राहिले. त्या माणसाचं तोंड हातांआड गेलेलं. तिथे वाचण्यासारखं काहीच नव्हतं. वाटलं, आता हे म्हणतील चल, घरी जाऊ. पण हे माझ्याकडे वळले.

"सांग मला."

"काय सांगू? मला मेलीला गाण्यातलं काय कळतंय?"

"ऐकू येतं ना तुला? मग ते सांग."

मी खुर्चीतच यांच्याकडे वळून बसले. स्टेजचा उजेड माझ्या अर्ध्या तोंडावर पडत होता, तेवढा पुरे होता.

"खालून वर चाललाय," मी आवाज न काढता सांगितलं. "हळूहळू. आता एक सूर धरून बसलाय, सोडतच नाही. लहान मूल रडून रडून दमतं आणि मग नुसते हुंदके देतं ना, तसं."

यांनी डोळे बारीक केले. मग मान हलवली.

"श्वास आत ओढतोय," हे म्हणाले. "बाहेर फुंकून तसा सूर निघत नाही. मग?"

"मग थांबला. नाही, परत सुरू झाला. आता खाली आणतोय."

"घाई करतोय?"

"अजिबात नाही."

"शहाणा आहे," हे म्हणाले. "पुढे?"

मी सांगत राहिले. सगळे स्टेजकडे बघत होते आणि हे माझ्या तोंडाकडे.