बेण्याचा ढीग

वरचा पेंढा सारून सुनेनं बटाट्यांच्या ढिगात हात घातला आणि बोटं थेट मऊ लगद्यात रुतली.

"शी!"

तिनं हात झटकला. पिवळट पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"ओरडतेस काय? एखादा नासणारच," सासू म्हणाली.

एखादा! खालचा अख्खा थर सडला होता. उजेडानं बटाटे हिरवे पडतात म्हणून या खोलीत दिवा लावायचा नाही, नासका बटाटा नाकानंच ओळखायचा, ही सासूची रीत. ढिगाला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. नाकानं कांदे सोलते नुसती, असं सून मनात म्हणायची. आता पुढच्या लागवडीचं बेणं सडून बसलं होतं. सुनेला त्या लगद्याइतकीच सासूचीही किळस आली.

नवरा नाकाला रुमाल लावून दारात आला.

"आई, परवाच तू ढीग हुंगला होतास ना? जमत नसेल तर सांग. यापुढे मी बघेन."

"जमतंय मला."

तो बाहेर जाऊन थुंकला.

दोघी निवडायला बसल्या. सुनेच्या हाती एक कोरडा, टणक बटाटा आला, पण त्याच्या बारीक भोकातून असा भपकारा आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तो मुद्दाम सासूच्या हातात ठेवला. सासूनं तो नाकाशी धरून मोठा श्वास घेतला.

"चांगला आहे. बेण्यात टाक."

सून तिच्याकडे बघतच राहिली.

"आई, तुम्हाला वास येत नाही ना?"

सासूनं बटाटा मांडीवर ठेवला.

"मागं ताप आला होता ना, त्यात वास गेला, तो गेलाच. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. मग या घरात माझं काय काम उरलं?"

सुनेनं तो बटाटा उचलून नासक्यांच्या टोपलीत फेकला. राग काही गेला नव्हता.

"द्या इकडे. मी हुंगते."

पहिल्याच बटाट्याला ओकारी आली. ती तिनं कशीबशी गिळली.

"कसा येतोय गं?" सासूनं हळूच विचारलं.

"काय?"

"वास."

"घाण! मेलेल्या उंदरासारखा."

"आणि थोडा आंबूस?"

"हो. शी!"

सासू जवळ सरकली.

"नीट सांग ना," ती म्हणाली.