चारशे सतराची ओ

उस्तादांना त्या सकाळी धड उभं राहवत नव्हतं आणि धड बसवतही नव्हतं. पोलीस मैदानावर खुर्च्या मांडणं चाललं होतं आणि ते एकच खुर्ची पुन्हापुन्हा हलवत होते. पहिल्या रांगेत ठेवली, तर वाटलं, इथे वहिनी सगळ्यांच्या नजरेत येतील. मागे नेली, तर वाटलं, शहिदाच्या बायकोला मागे बसवलं म्हणून साहेब बिनपाण्याने हजामत करतील. शेवटी खुर्च्या मांडणारा शिपाई म्हणाला, "उस्ताद, खुर्ची दमली. आता बसा तिच्यावर."

"गप रे," उस्ताद म्हणाले आणि खुर्ची पुन्हा पुढे नेली.

कवायत शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांचा आवाज भिंतीपलीकडच्या शाळेतली पोरंही ओळखत. त्यांचा जिवाभावाचा दोस्त नाकाबंदीवर गेला, न थांबलेल्या ट्रकखाली, त्याला कैक वर्षं झाली. दरवर्षी या दिवशी कामावर असताना मेलेल्यांची हजेरी व्हायची आणि त्याच्या बायकोचा निरोप ठरलेला असायचा, जमणार नाही. यंदा निरोप आला, येते. का, ते सांगितलं नव्हतं.

हजेरी तशी साधीच. उस्ताद एकेकाचा छातीवरचा बक्कल नंबर पुकारतात. नाव नाही, कारण दलात एका नावाची दहा माणसं सापडतात. नंबर पुकारला की सगळं मैदान गप्प. ते गप्प राहणं हाच मेलेल्याचा मान. मग पुढचा नंबर.

यंदा नेमकी तिथेच माशी शिंकली. रांगा तपासताना नव्या भरतीतल्या एका पोरीच्या छातीवर उस्तादांना चारशे सतरा दिसला. दोस्ताचा नंबर! कार्यालयातल्या कुणा दीडशहाण्याने रिकामा पडलाय म्हणून पुन्हा वाटून टाकला होता, जणू माणूस नाही, कपाटातला कप्पाच मोकळा झाला होता. उस्तादांनी त्या शहाण्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, पण खरी धास्ती वेगळीच होती. या पोरांना त्यांनीच घोटून घोटून शिकवलं होतं, की नंबर कानावर पडला की डोक्याला विचारायला जायचं नाही, 'हजर' म्हणून मोकळं व्हायचं. झोपेतसुद्धा ओरडतील अशी पोरं तयार केली म्हणून केवढा तोरा मिरवला होता! आता वहिनी पहिल्यांदाच येणार, नवऱ्याचा नंबर पुकारला जाणार आणि ही बया ताडकन ओ देणार. लोक फिदीफिदी हसतील आणि वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं होईल.

त्यांनी पोरीला बाजूला घेतलं. "नंबर काय गं तुझा?"

"चारशे सतरा, हजर!"

"हळू! आज म्हणायचं नाही."

"आज मी गैरहजर, उस्ताद?"

"हजरच आहेस, पण तोंडाने नाही. मी चारशे सतरा पुकारीन. तो तू नव्हेस, आधीचा. तेव्हा तू मुकी."

पोरगी घाबरली. "आणि चुकून निघून गेलं तर?"

"जीभ चावून धर. एक अक्षर फुटलं, तर संध्याकाळपर्यंत मैदानाला फेऱ्या मारायला लावीन."

वहिनी आल्या त्या सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. बसल्या खऱ्या, पण नजर ठरत नव्हती. त्या रांगांमधून काहीतरी शोधत होत्या, मान वाकडी करून मागच्या ओळीपर्यंत बघत होत्या. उस्तादांना वाटलं, बिचारीचा जीव कासावीस झालाय, लवकर उरकावं.

नंबर सुरू झाले. प्रत्येक नंबरामागे मैदान गप्प होत गेलं.

"चारशे सतरा!"

पोरीचा जबडा आवळला गेला, मान लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं. पण आवाज नाही. शाब्बास, उस्ताद मनात म्हणाले आणि घाईघाईने पुढे सरकले.

परेड मोडली. वहिनी चहालाही न थांबता फाटकाकडे निघालेल्या पाहून उस्ताद लगबगीने मागे गेले. "वहिनी, नीट पार पडलं ना सगळं?"

"पडलं की, भावजी." त्यांनी फाटकाच्या कडीवर हात ठेवला. "ती मुलगी आज आली नव्हती का?"

"कोणती?"

"चारशे सतरा. मागे बाजारच्या चौकात वाहनं सोडत होती. छातीवर नंबर बघितला आणि माझे पायच हलेनात. म्हातारीला रस्ता सापडत नाही असं वाटलं तिला. हात धरून पलीकडे सोडलं हो मला."

उस्तादांनी मान वळवून मैदानाकडे पाहिलं.

"घरात मी यांना नंबरानेच हाक मारायचे. थट्टा आपली. भाजीची पिशवी घेऊन दारात आले की मी आतून चारशे सतरा म्हणायचे आणि हे हजर म्हणून ओरडायचे, शेजारी हसायचे. इथे तो नंबर पुकारला की कुणी ओ देत नाही, म्हणून तर इतकी वर्षं आले नाही. यंदा म्हटलं, ओ द्यायला कुणीतरी आहे. एकदा ऐकावं." त्यांनी फाटकाची कडी काढली. "असो. निघते."

"थांबा," उस्ताद म्हणाले. मोडलेल्या परेडला हाक मारायची नसते, हेही त्यांनीच शिकवलं होतं. साहेबांच्या हातात कप होता. उस्तादांनी छाती भरून घेतली.

"चारशे सतरा!"

सगळे जागच्या जागी थांबले. पोरगी नळाशी उभी होती, गालात पाण्याचा घोट. फेऱ्यांची धमकी ती विसरली नव्हती. तिने डोळे मोठे करून उस्तादांकडे पाहिलं आणि जोरजोरात नकाराची मान हलवली.

"अगं, बोल!" उस्तादांचा आवाज चिरकला. "आता बोल की, बाई माझे!"

तिने पाणी थुंकलं आणि टाचा जुळवल्या. "चारशे सतरा, हजर!"

वहिनींनी फाटकाची सळई घट्ट धरली. "अजून एकदा, भावजी."

उस्तादांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. डोळे पुसायचंही त्यांना सुचेना. तेव्हा वहिनींनीच मैदानाकडे वळून नंबर पुकारला, आणि नळापासून खणखणीत ओ आली.