नऊ नंबरची कुंडी

मुलीच्या तोंडात बोट फिरवून बघणं हा सध्या माझा अर्ध्या दिवसाचा धंदा आहे. ती चौदा महिन्यांची आहे आणि जग चाखून बघायचं तिने मनावर घेतलंय. आजवर त्या तोंडातून मी बटण काढलंय, पावतीचा लगदा काढलाय, चपलेचा तुकडा काढलाय. नवरा म्हणतो, "तुझ्या घरात राहणं म्हणजे जकात नाक्यावर राहणं." असू दे. नाकेदार पेंगला की काय काय आत जातं, हे नाकेदारालाच ठाऊक.

त्या रविवारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते आणि ती गुलाबाच्या कुंडीपाशी बसून बडबडत होती. बडबड थांबली. पोर गप्प झालं की आईच्या कानात घंटा वाजते. वळून बघते तर बोटांना माती आणि ओठांशी एक पांढरी, चपटी, इवलीशी उशी.

मी झडप घातली. बोट फिरवलं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "गिळलं नाही ना? मग नजर ठेवा. उलटी, घाम, सुस्ती, काहीही वाटलं तरी तडक घेऊन या." नजर ठेवा म्हणे! मी पापणी लवू दिली नाही. मुलीला काही झालं नाही. ती हसत होती.

मग त्या उशीकडे पाहिलं. तो निकोटीनचा पाऊच होता, ओठ आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवतात तो. नवऱ्याने आठ महिन्यांपूर्वी सिगरेट सोडून हे धरलं होतं. धूर नाही, वास नाही, पडद्यांना पिवळेपणा नाही. मला आनंदच झाला होता.

"हा कुंडीत कसा आला?"

"मीच खोचतो," तो सरळ म्हणाला. "अगं, डबीवर लिहिलंय, 'मातीत सहज विरघळणारा'. म्हटलं, कचऱ्यात टाकण्यापेक्षा गुलाबाचं तरी भलं होईल."

"हा विरघळलेला दिसतोय तुला?"

"कालचा असेल."

"काल तू गावाला होतास. आज सकाळी आलायस."

मी चमचा घेतला आणि कुंडी उकरली. वरचे पांढरे होते, मधले चहाच्या रंगाचे. तळाशी मुळांच्या जाळ्यात अडकलेले पिवळट, चुरगळलेले, पण अख्खे. कडा तर अशा, की कालच यंत्रातून दाबून बाहेर पडल्यात. मोजायला सुरुवात केली आणि तिशीच्या पुढे सोडून दिलं.

"सिगरेट सोडली ती कोणासाठी?" तो एकदम उसळला. "तुम्हा दोघींसाठीच ना? आता हेही चालत नाही? मग मी श्वास तरी घेऊ का, सांग."

त्याचंही खोटं नव्हतं. पण खरी गोम त्याच्यात नव्हतीच. डबी उलटी करून कंपनीचं नाव वाचलं. याच कंपनीचा अहवाल माझ्या टेबलावर सहीची वाट बघत पडला होता.

मी एका खाजगी प्रयोगशाळेत माती बघते. म्हणजे कंपन्या आपली वस्तू पाठवतात, मी ती मातीत पुरते, ओल आणि ऊब राखते, बारा आठवड्यांनी माती चाळते आणि चाळणीवर काय उरलं त्याचं वजन करते. मातीच्या अहवालांवर सही करायचा अधिकार तिथे माझ्या एकटीकडे आहे. बाळंतपणाच्या रजेनंतर मला सहा महिन्यांच्या करारावर परत घेतलं होतं आणि तो करार तीस तारखेला संपत होता. खालच्या मजल्यावर पाळणाघर आहे. नोकरी गेली की तिथली जागाही जाते.

आणि या पाऊचची चाचणी मीच केली होती. आठ कुंड्या, बारा आठवडे, चाळणीवर जवळजवळ काही नाही. उत्तम निकाल. मग घरच्या कुंडीत हे काय?

सोमवारी सकाळी मुलीला पाळणाघरात सोडलं आणि आधी कपाट उघडलं. नमुन्यातले चार तुकडे आम्ही नेहमी राखून ठेवतो. पाकीट टेबलावर उपडं केलं. चार चौकोनी पांढरी कापडं. सपाट, रिकामी, ना कड ना पोट.

काचेची भांडी धुणाऱ्या मावशी मागून डोकावल्या. "हेच ना ते रुमाल?"

"रुमाल?"

"मी तेव्हाच म्हटलं होतं मनात. पाऊच म्हणतात आणि रुमाल पाठवतात."

"मग बोलला का नाहीत, मावशी?"

"मला कोण विचारतंय? मी बाटल्या धुते." त्यांनी बाटली उजेडात धरली. "आणि तुम्ही तरी कुठे शुद्धीवर होतात? पोरगी तापली होती तुमची. पाकिटावर वाचलंत, वहीत लिहिलंत, घाईघाईत पुरलंत, पळालात."

नोंदवही काढली. बरोबर होतं. नमुन्याच्या रकान्यात माझ्याच तिरप्या अक्षरात 'पाऊच' लिहिलेलं. त्यांनी न जोडलेलं, न भरलेलं कापड पाठवलं आणि मी पाकिटावरचा शब्द डोळे मिटून उतरवला. कापड झाडाच्या धाग्याचं असेल, ते कुजलं. पण पाऊच म्हणजे नुसतं कापड नाही. आतली भुकटी आहे, आणि कडा चिकटवायला कापडाला काहीतरी लावावं लागतं. ते काय आणि किती, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. माझे साहेब वाईट माणूस नाहीत. मुलीच्या जन्मानंतर घरी येऊन गेले होते, स्वेटर घेऊन. अशा माणसाला नाही म्हणणं जास्त जड जातं.

"सर, अहवालात 'पाऊच' लिहिता येणार नाही. आपण नुसतं कापड तपासलंय."

त्यांनी चष्मा वर केला. "वहीत अक्षर कोणाचं आहे?"

"माझं."

"मग?"

"चूक माझी आहे. म्हणून दुरुस्तीही मीच करणार."

"मॅडम, एका शब्दासाठी? कापड काय, पाऊच काय, पिशवी त्याचीच होते ना?"

"सर, घरी आमच्या कुंडीत तयार पाऊच आठ महिने पडलेत. एकही गेलेला नाही."

"तुमच्या बाल्कनीतली कुंडी म्हणजे प्रयोगशाळा झाली का?"

"नाही. म्हणूनच मी तसं अहवालात लिहीत नाही. पण जे तपासलंच नाही ते तपासलं म्हणून कसं लिहू?"

ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचं पत्र तयार करायचंय मला. पुढच्या वर्षाच्या कराराचं. परवा कंपनीचा माणूस येतोय. तोवर नीट विचार करा. घरात लहान मूल आहे तुमच्या."

दोन दिवस मी खरंच विचार केला. घरभाडं, पाळणाघर, दुसरी नोकरी मिळेपर्यंतचे महिने. 'घरात लहान मूल आहे' हे वाक्य भाजी निवडताना, आंघोळ घालताना, सगळीकडे माझ्यामागे फिरत होतं. आणि प्रत्येक वेळी फिरून त्या कुंडीपाशीच येत होतं. हो, आहे ना लहान मूल. ते माती खातं. डबीवरचं वाचून किती जण आपल्या बाल्कनीत, बागेत, शाळेच्या कुंपणापाशी हे खोचत असतील, आणि त्या प्रत्येक ठिकाणी कुणाचं तरी चौदा महिन्यांचं पोर रांगत असेल. त्या ओळीला पुरावा म्हणून माझी सही लागणार होती.

बुधवारी कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा, हसरा, पुदिन्याच्या वासाचा. वरच्या ओठाखाली छोटासा उंचवटा. बोलताना तो उंचवटा इकडून तिकडे सरकत नव्हता, इतका सराव.

"ताई, निकाल तर झकास आलाय म्हणे! तेवढी सही झाली की आम्ही सुटलो."

ताई! माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा असेल.

मी कागद पुढे केला. काल संध्याकाळी टाइप करून सही केलेला. त्याने वाचला. हसू थोडं आक्रसलं. "'नमुना: पाऊचसाठी वापरायचं रिकामं कापड. भरलेल्या व चिकटवलेल्या पाऊचची चाचणी झालेली नाही.' हे काय आहे, साहेब?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे नाही.

"खरं तेच आहे," मी म्हटलं. "तुम्ही पाऊच का नाही पाठवला?"

"अहो, एकच गोष्ट आहे ती."

"एकच असेल तर पाठवायला हरकत काय होती?"

"त्याला... वेळ लागतो जरा."

"किती?"

"ते परिस्थितीवर अवलंबून असतं, ताई. माती कशी, हवा कशी—"

"मग 'सहज' हा शब्द डबीवर कोणत्या मातीसाठी छापलाय?"

साहेब खाकरले. "मॅडम, पाहुण्यांशी असं..."

मी मध्येच तोडलं. "सर, यांचा वेळ वाचवते. नमुना परत मागवायची गरजच नाही. यांच्याकडेच आहे." मी त्या माणसाकडे वळले. "ओठाखालचा द्याल का?"

"काय?"

"तुमचाच माल आहे ना? भरलेला, चिकटवलेला, वापरलेला. लोक मातीत टाकतात तो अगदी असाच. द्या. पुरते."

मावशी दारातच होत्या. त्या कधी येतात कळत नाही. काचेची बशी पुढे करून त्या गंभीरपणे म्हणाल्या, "धुतलेली आहे, साहेब."

तो माणूस लाल झाला. आधी हसायला गेला, मग साहेबांकडे बघायला गेला, आणि साहेबांनी (याबद्दल मी त्यांना आयुष्यभर मानेन) टेबलावरची फाईल सरळ करायला घेतली. शेवटी त्याने तोंड वळवलं आणि तो पाऊच बशीत ठेवला. ओला, पांढरा, भातुकलीतल्या उशीएवढा.

"बारा आठवड्यांनी या," मी म्हटलं. "गेलेला असला तर 'गेला' लिहीन. तेवढ्याच ठळक अक्षरात. राहिला असला तर 'राहिला'."

माझा कागद न घेताच तो निघून गेला. मी त्याच्यासमोरच एका कुंडीवर नऊ आकडा घातला होता. नोंदवहीच्या पानांना छापील क्रमांक असतात, पान फाडता येत नाही. जुन्या 'पाऊच'वर एक रेघ, वर 'रिकामं कापड', बाजूला सही. त्याखाली नवी नोंद: कुंडी नऊ, एक पाऊच, वापरलेला, कंपनीच्या प्रतिनिधीने स्वतः दिलेला.

तीस तारीख आली. पत्र आलं नाही. साहेब म्हणाले, "वरून नाही म्हणाले. मी प्रयत्न केला." केलाही असेल. किल्ल्या ठेवल्या, पाळणाघरातून मुलीची पिशवी, पांघरूण आणि एकच मोजा घेतला. दुसरा तिने कुठे लपवला, देव जाणे.

मावशी जिन्यापर्यंत आल्या. "नऊ नंबरला पाणी मी घालेन. वजन करून घालायचं ना?"

"वजन करूनच. आणि कुणी हलवू लागलं तर?"

"बाटल्या धुणारीकडे कोण बघतंय?" त्या म्हणाल्या. "तारीख लिहून ठेवलीय मी. चाळणी धुऊन ठेवते. तुम्ही या."

"आता मला आत कोण सोडणार, मावशी?"

"आत कशाला? मी कुंडी बाहेर आणते."

घरी आले तर नवरा बाल्कनीत फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसला होता. गुलाब उपटून बादलीत ठेवलेला, कुंडीतली सगळी माती कागदावर, आणि हा चहाच्या जुन्या गाळणीने मूठमूठ माती चाळत होता. शेजारी बरणीत पाऊच साठले होते. पाऊच त्याने सोडलेले नाहीत, ओठाखाली तेव्हाही एक होताच. पण वापरलेले ठेवायला डबीच्या झाकणात एक खण असतो, हे त्याला अचानक आठवलं होतं.

"त्रेपन्न," तो मान वर न करता म्हणाला. "अजून निम्मी माती आहे." मग मान वर केली. "नोकरी गेली का?"

"गेली."

त्याने गाळणी खाली ठेवली. "आता?"

मुलगी माझ्या कडेवरून वाकून मातीकडे झेपावत होती. मी तिच्या तोंडात बोट फिरवलं. काही नव्हतं. "आता बाकीची माती चाळ," मी म्हटलं. "बरणी नीट झाकून ठेव. नऊ नंबरच्या कुंडीचे बारा आठवडे भरले की ही बरणी घेऊन मला मावशींकडे जायचंय."