रेडिओवरचं ओरेस्टचं नाव

ओरेस्ट हॅवरिलुकचं नाव रेडिओवर आलं, की तिकडे कॅनोरा गावात त्याची आई कपाळाला हात लावायची. त्यात त्या माउलीची काही चूक नव्हती. चेंडू हातात धरून पळायच्या आमच्या फुटबॉलमध्ये आघाडीच्या फळीतला गडी म्हणजे नुसता धक्के खाणारा माणूस. चेंडू घेऊन पळायला दुसरे, टाळ्या घ्यायला तिसरे. अशा गड्याचं नाव समालोचक घेणार तरी कधी? तर त्यानं समोरच्याचा सदरा धरून ठेवला आणि पंचानं अख्ख्या संघाला दहा यार्ड मागं धाडलं, तेव्हाच.

मग सामना संपला की आईचा फोन ठरलेला.

“ओरेस्ट, पुन्हा धरलंस का रे कुणाला? हे शिकवलं होतं मी?”

“आई, सगळेच धरतात गं.”

“मग सापडतोस बरा तू एकटाच!”

हॅमिल्टनच्या संघानं सोडला, ओटावानं घेतला. ओटावानं सोडला, एडमंटननं घेतला. कुणी जायबंदी झालं की ह्याला बोलवायचं, तो बरा झाला की ह्याची बोळवण. असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत फिरत गडी शेवटी आमच्या रिजायनाच्या संघात आला. गुडघे कुरकुरायला लागलेले. ज्या पोराच्या जागी तो खेळत होता, तो पुढच्या आठवड्यात परतणार होता, आणि त्यानंतर ह्याला विचारणारा एकही संघ उरला नव्हता. त्याचंही त्याला फारसं वाटत नव्हतं. पण आईनं आपलं नाव एकदा, फक्त एकदा, चांगल्या कामासाठी ऐकावं, एवढी आस मात्र जीवाला लागून राहिली होती. आता फळीतल्या गड्यानं असलं काही मागणं म्हणजे जरा जास्तच, पण मन ऐकतंय थोडंच!

लेबर डेच्या, म्हणजे कामगार दिनाच्या सुट्टीतल्या रविवारी दुपारी विनिपेगशी सामना होता. मैदान गच्च भरलेलं. निम्म्या लोकांनी आमच्या रिवाजाप्रमाणे कलिंगडं पोखरून टोपीसारखी डोक्यावर घातलेली, रस कानामागून ओघळतोय, आणि घसे फुटेस्तोवर आरडाओरडा. दोन्ही संघांचे गुण सारखे, आणि शेवटचा डाव. आमचा एमिल, क्विबेकचा चिमणा गडी, लाथ मारायला पुढं आला. खांबांच्या मधून चेंडू गेला की जिंकलो.

गेला? छे! बाहेरून गेला आणि खांबांमागच्या विनिपेगच्या गोलपट्टीत पडला. तिथंच राहिला असता तरी आम्हाला एक गुण मिळाला असता, तेवढाही पुरे होता. म्हणून तर विनिपेगच्या गड्यानं तो उचलून घाईघाईनं मैदानात परत लाथाडला. आमच्याकडे हे चालतं. पण घाईत लाथ बसली वाकडी, आणि चेंडू आला तो थेट ओरेस्टच्या दिशेनं. झेलणाऱ्याला पाच यार्ड मोकळीक द्यायचा नियम, म्हणून विनिपेगचे धिप्पाड गडी चडफडत लांब थबकले. चेंडू पोटावर आदळला, ओरेस्टनं दोन्ही हातांनी कवटाळला, आणि ते सगळे दातओठ खात त्याच्यावर सुटले.

“पड त्याच्यावर! झाकून पड!” बाहेरून प्रशिक्षक ओरडले. फळीतल्या गड्याला पहिल्या दिवसापासून हेच पढवलेलं असतं: चेंडू दिसला की अंगाखाली घे, अक्कल चालवू नकोस. ओरेस्टचे गुडघे आपोआप वाकलेसुद्धा.

“अरे लाथ मार! मार ना रे रेड्या!” एमिल किंचाळला.

ओरेस्टनं मारली. ती लाथ बघून एमिलनं डोळेच मिटून घेतले. चेंडू धड उडाला नाही, धड घरंगळला नाही. बिथरलेल्या सशासारखा टणाटण उड्या घेत गोलपट्टीत शिरला, विनिपेगच्या गड्याच्या हातातून निसटला आणि मागच्या रेषेबाहेर गेला. एक गुण! जिंकलो की हो!

आनंदानं अंगावर पडलेल्या आमच्या पोरांना ढकलून ओरेस्ट थेट आत पळाला आणि आईला फोन लावला.

“आई! ऐकलंस?”

“ऐकलं रे बाळा.” आवाज एरवीपेक्षा मऊ. “तुझं नाव किंचाळून घेत होता मेला तो रेडिओवाला. सगळं मैदान बोंबलत होतं. मी रेडिओच बंद केला. लेकराला लोक शिव्या घालतात, ते ऐकवत नाही आता. असू दे. होतं माणसाच्या हातून. घरी ये, बटाटा भरून पिरोही उकडून ठेवल्यात. आणि मागच्या रस्त्यानं ये, म्हणजे कुणी टोकणार नाही.”

ओरेस्टला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं हिनं हे असं ऐकत काढली, आणि एकदाही म्हणाली नाही की सोड तो खेळ.

“आई, त्या शिव्या नव्हत्या गं. मी जिंकून दिलं आज.”

“काहीतरीच! कुणाला धरलं नाहीस?”

“नाही. लाथ मारली.”

“अगं बाई! कुणाला?”

“चेंडूला, आई! लाव तो रेडिओ.”

खटका वाजला, खरखर झाली, आणि फोनमधून समालोचकाचा बसलेला आवाज यायला लागला, “हॅवरिलुक! काय सांगू तुम्हाला, हॅवरिलुक!”

“आई, अगं मी...”

“गप्प बस जरा,” हुंदका गिळत आई खेकसली. “तुझं नाव चाललंय, ऐकू दे मला.”